टोबीचा डावा गुडघा

मार्लिस टोलेफसनला आयुष्यात फार काही नको होतं. नवरा होता, घर होतं, चालवायला शाळेची पिवळी बस होती, आणि डिसेंबरात जिंकलेला लीगचा चषक फ्रीजवर दिमाखात उभा होता. या मे महिन्यात तिला फक्त एक पोरगा हवा होता, आणि तो तिला हवा आहे हे कुणाला कळता कामा नये, एवढंच तिचं मागणं होतं. लिंडग्रोव्हसारख्या गावात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा शंभरपट अवघड. तिथे कुणी नवा टूथब्रश घेतला तरी संध्याकाळपर्यंत त्याचा रंग कोणता ते सगळ्यांना ठाऊक असतं.

पोरगा म्हणजे टोबी रुडेन. वय बावीस. चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीतून वाट काढत पळणं हा त्याचा धंदा, आणि आदल्याच शनिवारी खऱ्याखुऱ्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये, निवडीच्या सहाव्या फेरीत का होईना, त्याचं नाव पुकारलं गेलं होतं. गावाने धान्याच्या कोठारावर हा मोठा फलक लावला. मार्लिसने फलक बघितला आणि बस रस्त्याकडेला उभी करून, पोरं आत असताना, घळाघळा रडून घेतलं. टोबीचं घर तिच्या रस्त्यावरचं सर्वात लांबचं. सकाळी सर्वात आधी चढायचा, संध्याकाळी सर्वात शेवटी उतरायचा. तेरा वर्षं, रोज चाळीस मिनिटं, बसमध्ये फक्त ती दोघं. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि त्याबद्दल ती कधी बोलत नसे, पण आठ वर्षांचा टोबी एकदा मागच्या सीटवरून म्हणाला होता, की मी मोठा झालो की मला तुमच्या टीममध्ये घ्याल ना? तिने आरशात बघून म्हटलं होतं, बघू. तेव्हापासून ती बघतच होती.

टीम म्हणजे लीगमधली टीम. गावातली दहा माणसं चौदा वर्षं ही लीग चालवत होती. खरे खेळाडू रविवारी खऱ्या मैदानात जे पळतील, चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडत जे टचडाउन करतील, त्याचे गुण इथे कागदावरच्या मालकाच्या नावे पडायचे. इतर लीगांत दरवर्षी पाटी पुसून नव्याने डाव मांडतात. इथे तसलं काही नाही. एकदा खेळाडू घेतला की तुम्ही सोडेपर्यंत तो तुमचा, मग त्याचे केस पिकोत नाहीतर तुमचे. म्हणून मे महिन्यात नव्याने आलेल्या पोरांची जी निवड व्हायची, तिला लीगमध्ये लग्नाच्या बोलणीइतकं महत्त्व. चार फेऱ्या, चाळीस नावं, आणि विजेत्याचा नंबर प्रत्येक फेरीत सर्वात शेवटी. मार्लिसने तर चषकाच्या हव्यासापायी पहिल्या तिन्ही फेऱ्यांचे आपले हक्क तयार खेळाडूंच्या बदल्यात कधीच देऊन टाकले होते. तिच्याकडे उरला होता एकच, चाळिसावा. सगळ्यांनी ताटं धुऊन ठेवल्यावर उरलं असेल ते.

तसं बघितलं तर काळजीचं कारण नव्हतं. खऱ्या निवडीत सहाव्या फेरीत गेलेल्या पोराला इथल्या पहिल्या चाळिसात कोण घेतो? कुणीच नाही. पण लीगमध्ये लॉनी ड्रेव्हस होता.

लॉनी टायर विकायचा, आणि माणसाचा जीव कशात अडकलाय हे टायरमधला खिळा शोधावा तसं शोधून काढायचा. मग तीच वस्तू आधी उचलायची आणि मालकाला वेठीला धरायचं, हा त्याचा शिरस्ता. लीगचा प्रमुख वेंडेल ओस्बी याची मुलगी ज्या कॉलेजात शिकत होती, तिथला एक खेळाडू वेंडेलला हवा होता. लॉनीने तो त्याच्या नाकासमोरून नेला आणि तो परत देण्याच्या बदल्यात वेंडेलच्या पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्यांचे हक्क उकळले. वर वेंडेलच्याच अंगणात, वेंडेलच्याच खुर्चीत बसून, वेंडेलचंच बटाट्याचं सॅलड खात त्याने ते सगळ्यांना रंगवून सांगितलं. असल्या माणसाला मार्लिसची तेरा वर्षांची बस ठाऊक नसेल, असं होणं शक्यच नव्हतं.

शिवाय वरचा एखादा नंबर मागायला गेलं, की बिंग फुटलंच. मग लॉनी टोबीला पहिल्याच फेरीत उचलणार आणि मार्लिसची अख्खी टीम सोलून काढणार. रविवारी दुपारभर तिने स्वयंपाकघरात येरझारा घातल्या. नवरा डेल वर्तमानपत्रामागून म्हणाला की एवढं चालायचंच असेल तर कुत्र्याला तरी बरोबर ने. कुत्र्याला घेऊन ती बाहेर पडली आणि परत आली तेव्हा बेत शिजला होता.

बेत असा. टोबीला सगळ्यात जास्त ओळखणारी बाई कोण? मार्लिस. मग टोबी नको, असं मार्लिसच म्हणाली तर त्यावर शंका कोण घेणार? आणि का नको? तर गुडघा. फुटबॉलवाल्याला वाघाची वाटत नाही एवढी भीती गुडघ्याची वाटते.

सोमवारी सकाळी मुलांना शाळेत सोडून ती सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर जाऊन बसली. टोबीचं कौतुक चाललं होतं. ती काहीच बोलली नाही. नुसता एक सुस्कारा सोडला, तोही बेताचा. वेंडेलने विचारलं काय झालं. काही नाही म्हणाली. परत विचारलं, तेव्हा बाहेर गाडीपाशी नेऊन, इकडे तिकडे बघून, तिने त्याला सांगितलं की पोराचा डावा गुडघा बरा नाही, शाळेत असल्यापासून बसच्या पायऱ्या उतरताना कळ यायची, पण हे तुझ्या माझ्यात राहू दे. वेंडेलने छातीवर हात ठेवून शब्द दिला. वेंडेलला गुपित सांगणं म्हणजे चर्चच्या ध्वनिक्षेपकावर बोलणं, हे ती पुरतं जाणून होती.

तरी नुसत्या शब्दावर लॉनी फसणार नव्हता. त्याला डोळ्यांनी बघायला मिळायला हवं होतं. टोबी सराव शिबिराला जाण्याआधी आठवडाभर आईकडे राहायला आला होता. संध्याकाळी मार्लिसने त्याला फोन लावला आणि एवढी मोठी बाई असून चाचरत, घसा खाकरत विचारलं की तू दोन-चार दिवस जरा लंगडशील का.

पलीकडे टोबी इतका हसला की त्याच्या आईने आतून विचारलं कोण आहे म्हणून.

"मिस मार्लिस, मला कोट्यवधी लोकांसमोर धावायला निवडलंय, आणि तुम्हाला मी लंगडायला हवाय?"

"डावा पाय," मार्लिस म्हणाली. "आणि अति करू नकोस."

त्याने अति केलं. मंगळवारी टपाल कचेरीच्या तीन पायऱ्या चढायला त्याने चार मिनिटं घेतली आणि कठड्याला धरून असा कण्हला की टपालवाली बाई खुर्ची घेऊन धावत आली. बुधवारी तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. समोरच टायरचं दुकान, दारात लॉनी. इथे मात्र पोरगं लंगडलं ते उजव्या पायाने. मार्लिस रस्त्यापलीकडे बसमध्ये बसून हे बघत होती. संपलं सगळं, तिला वाटलं. लॉनी हातातला पाना घेऊन बघत उभा राहिला, कपाळाला आठ्या घालून, बराच वेळ. गुरुवारी कॉफीच्या टेबलावर त्याने आवाज खाली आणून जाहीर केलं की गोष्ट वाटते त्याहून वाईट आहे, पोराचे दोन्ही गुडघे गेलेत.

हे ऐकून मार्लिसला एवढं हसू आलं की तिला कॉफीचा कप तोंडाला लावून बसावं लागलं.

पण गाव म्हणजे काही फक्त लीग नव्हे. लिंडग्रोव्हमध्ये कुणाला दुखलंखुपलं की दुसऱ्या दिवशी दारात हॉटडिश. खिमा, वर घट्ट सूप, त्यावर बटाट्याचे गोळे रचलेले, आणि भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. बुधवारी संध्याकाळी टोबीच्या आईकडे, जनेल रुडेनकडे, दोन भांडी आली. गुरुवारी पाच. चर्चच्या बायकांनी प्रार्थनेच्या यादीत नाव घातलं. कुणीतरी आजोबांच्या कुबड्या आणून ओट्यावर ठेवल्या. शुक्रवारी टोबीच्या एजंटाचा फोन आला, की हे कुठल्या गुडघ्याचं ऐकतोय मी?

मग जनेल आली. मार्लिस बस धूत होती. जनेल गाडीतून उतरली, दार आपटलं आणि हातात चिकटपट्टी लागलेलं रिकामं भांडं घेऊन समोर उभी राहिली. मार्लिसने नळ बंद केला.

"अकरा हॉटडिश," जनेल म्हणाली. "अकरा, मार्लिस. माझ्या धडधाकट पोरासाठी. मी रस्त्यात भेटेल त्याला काय सांगू?"

मार्लिसला लाज वाटली, खरंच वाटली, कानापर्यंत. एजंटाचं ऐकून तर तिची पाचावर धारण बसली. पोराचं काही नुकसान झालं तर ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती. जनेलने सांगितलं की एजंटाला टोबीनेच समजावलंय, तोही हसतोय, पुरुष सगळे सारखेच. पण सोमवारपर्यंत हे थांबलं पाहिजे. मार्लिस म्हणाली उद्या दुपारीच थांबेल, उद्याच निवड आहे. जनेलने तिच्याकडे नीट बघितलं आणि जरा निवळली. एवढा हवा आहे का तो तुला, तिने विचारलं. मार्लिसने नुसती मान हलवली आणि उगाचच परत नळ सोडला.

शनिवारी दुपारी एक वाजता वेंडेलच्या शेडमध्ये सगळे जमले. ट्रॅक्टर बाहेर काढला होता, टेबलं जोडली होती, भिंतीवर चाळीस चौकोनांचा पांढरा कागद. प्रत्येकाने काही ना काही आणलेलं. मार्लिसने लिंबाच्या वड्या आणल्या होत्या आणि चेहऱ्यावर असा साळसूद भाव, की जणू ती इथे वड्या वाटायलाच आली होती. लॉनी कोपऱ्यात बसला होता. नेहमीसारखा कुणाला डिवचत नव्हता, वडीही घेतली नाही. मार्लिसला वाटलं, याचं काहीतरी चाललंय. मग वाटलं, चालू दे.

पहिली फेरी झाली. टोबीचं नाव नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. चौथ्या फेरीत लोक आधीच कंटाळलेले, कुणी सॉस शोधतंय, कुणी फोनवर. पस्तीस, छत्तीस, सदतीस. मार्लिस टेबलाखाली तळहात पँटला पुसत होती. अडतिसाव्याला कुणीतरी एक उंचापुरा चेंडू पकडणारा घेतला, ज्याला लीगमधल्या कुणीच कधी खेळताना बघितलं नव्हतं. उरला एकोणचाळीस. तो वेंडेलचा, आणि वेंडेलने सकाळीच सांगून टाकलं होतं की त्याला एका म्हाताऱ्या होत चाललेल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याचा, बदली गडी घ्यायचाय. मार्लिसने पेन उचललं. कागदावर टोबी रुडेन लिहायलाही तिने घेतलं होतं.

तेवढ्यात लॉनी उठला. त्याने वेंडेलला म्हटलं की तुझा नंबर मला दे, पुढच्या वर्षीची माझी दुसरी फेरी घे. एकोणचाळिसाव्यासाठी दुसरी फेरी म्हणजे सायकलसाठी गाडी देण्यातला प्रकार. वेंडेलने तो शुद्धीवर आहे ना हे पाहून घेतलं आणि लगेच हात मिळवला.

"टोबी रुडेन," लॉनी म्हणाला.

मार्लिसच्या हातातलं पेन तसंच राहिलं. कळलं होतं तर याला. सगळं कळलं होतं, मेल्याने चार दिवस तिला नाचवलं होतं. आता हसेल, खुर्चीत मागे रेलून भाव सांगायला लागेल. तिने मनातल्या मनात आपल्या टीममधले सगळ्यात चांगले तीन खेळाडू मोजलेसुद्धा.

पण लॉनी हसला नाही. बसलाही नाही. टोपी काढून हातात धरली आणि जमिनीकडे बघत बोलायला लागला, अडखळत. म्हणाला, अकरावीत असताना माझा गुडघा गेला, तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. आमच्याकडे खेळायला या म्हणून दोन कॉलेजांची पत्रं आलेली होती. त्या उन्हाळ्यात एकानेही फोन केला नाही. लोक हॉटडिश देऊन गेले आणि मग कुणी विचारलं नाही.

"त्या पोराला हार्डवेअरच्या दारात बघितलं आणि मला झोप लागेना," तो म्हणाला. "त्याचं नाव एका तरी कागदावर असलं पाहिजे. आणि मी तो विकणार नाही. कुणीही विचारायचं नाही. मार्लिस, तूसुद्धा नाही."

वेंडेलने जोरात नाक शिंकरलं.

मार्लिसच्या तोंडाशी शब्द आले होते. अरे मूर्खा, गुडघा ठणठणीत आहे, एवढं एकच वाक्य. ते बोललं असतं की लॉनी परत लॉनी झाला असता, घासाघीस सुरू झाली असती, आणि दोन-तीन खेळाडू देऊन का होईना, संध्याकाळपर्यंत टोबी तिचा झाला असता. नक्की झाला असता. तिने लॉनीकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस, टोपी कुस्करत उभा, लालबुंद झालेला, आयुष्यात पहिल्यांदा लीगमध्ये काही चांगलं करून बसलेला आणि आता लोक हसतील की काय या भीतीने कुणाकडेच न बघणारा. तिला त्याचा राग आला. त्याच्याहून जास्त स्वतःचा आला. काळीज नुसतं जळत होतं तिचं. आणि ती मूग गिळून बसली.

वेंडेलने तिचा नंबर पुकारला. तिने समोरच्या यादीवर बोट ठेवलं आणि बोटाखाली आलेलं नाव वाचलं. वेंडेल हळूच म्हणाला की मार्लिस, तो किक मारणारा आहे, आणि किक मारणारे आपण सहा वर्षांपूर्वीच लीगमधून काढून टाकलेत, तुझ्याच ठरावावर. तिने बोट एक ओळ खाली सरकवलं. ते कोण होतं हे तिला अजून ठाऊक नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर टोबी तिला गाड्यांच्या तळावर भेटला. लंगडत आला. आजूबाजूला माणसं होती. तिच्या गाडीला टेकून, आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की लॉनी काल संध्याकाळी घरी आला होता. गुडघ्याचे व्यायाम शिकवायला. ओसरीवर सतरंजी टाकून दोन तास दोन्ही गुडघ्यांचे व्यायाम करून घेतले, मध्येच स्वतःची विजार वर करून पस्तीस वर्षांपूर्वीची खूण दाखवली, आणि जाताना म्हणाला की तू कधी खेळलास नाहीस तरी मी तुला सोडणार नाही.

"मला त्याला खरं सांगवलं नाही," टोबी म्हणाला. त्याचा चेहरा आता हसरा नव्हता. "तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

"मग आता काय करायचं?"

मार्लिसने रात्रभर याचाच विचार केला होता, त्यामुळे उत्तर तयार होतं. "आता तू हळूहळू बरा व्हायचंस," ती म्हणाली. "एकदम नाही. दर आठवड्याला थोडा थोडा. आणि लॉनीला फोन करून सांगायचं की त्याच्या व्यायामांनी फरक पडतोय. ऑगस्टपर्यंत पूर्ण बरा. जमेल?"

टोबीने मान हलवली. तिला म्हणायचं होतं की मला तू हवा होतास, चौदा वर्षं हवा होतास, आणि माझ्याच शहाणपणाने मी तुला घालवला. ती तसं म्हणालीही, जवळजवळ याच शब्दांत, त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत. त्याने वाकून तिला मिठी मारली, दोन्ही पायांवर नीट उभा राहून, आणि मग आठवण होऊन घाईघाईने डावा पाय वाकवला.

डोळे पुसून झाल्यावर मार्लिसचं डोकं परत चालायला लागलं. ऑक्टोबरात तिची टीम आणि लॉनीची टीम समोरासमोर येणार होती; त्या रविवारी ज्याच्या खेळाडूंचे गुण जास्त, तो जिंकणार. सहजच बोलल्यासारखं करून ती म्हणाली, की त्या एका रविवारी जरा बेतानेच पळालास तर बरं होईल, जुन्या ओळखीखातर.

"छे," टोबी म्हणाला. "त्या दिवशी तर मी तीन टचडाउन करणार. लॉनीला आधीच कळवून ठेवतो, मला बाकावर बसवून माझे गुण वाया घालवू नको म्हणून. त्या आठवड्यात तुमचं काही खरं नाही, मिस मार्लिस."

ती गाडीत बसली आणि दार ओढून घेतलं. डेलने किल्ली फिरवली, बायकोच्या तोंडाकडे बघितलं, आणि काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाही," मार्लिस म्हणाली. "लॉनीचं पोरगं फार माजलंय."